उतारावर पुढे झुका

कॅनडातल्या कॅल्गरीची पोस्टिंग मला पेन्शनीत मिळाली. हुकूम मुलीचा. साल २०१७, जानेवारी महिना. मंजिरी तिथे इंजिनिअर आहे. शनिवारी स्की रिसॉर्टला जायचं हे तिने मी पोचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"बाबा, लेसन बुक केलाय. तुम्हाला येतं माहितीये, पण टेक्निक इम्प्रूव्ह करा जरा."

पलटणीत स्कीचा उस्ताद मीच होतो. उस्तादाला कोण शिकवणार, या तोऱ्यात मी साडेपाचला उठून दाढी करून बसलो. मुलगी साडेसातला उठली.

रिसॉर्ट म्हणजे डोंगरावर भरलेली जत्रा. गरम चॉकलेट, रंगीत कपडे, आणि वर जायला लटकती खुर्ची. आम्ही वीस किलोचा पिठ्ठू पाठीवर घेऊन चढायचो. इथे माणूस पडला की हसतो आणि आजूबाजूचेही हसतात. मला त्या हसण्याचा राग आला. उगाचच आला, पण आला.

शिकवायला क्लेअर नावाची मॉन्ट्रियलची पोरगी होती, वय पंचविशीचं. पहिल्याच उतारावर तिने मला थांबवलं.

"सर, यू आर सिटिंग बॅक."

"आर्मी स्टाइल," मी म्हणालो.

"नो, सर. हँड्स फॉरवर्ड. शिन्स ऑन द बूट."

"बाबा, नडगी बुटावर पुढे दाबा, म्हणतेय," मंजिरी म्हणाली. "वजन पुढे टाका."

तीनदा पडलो. चौथ्यांदा हट्ट सोडला. पुढे झुकलो, उताराच्या बाजूच्या पायावर भार दिला, आणि स्की वळली. जोर लावावाच लागला नाही. घड्याळात ११२० झाले होते. मंजिरी टाळ्या वाजवत होती. मी तिथेच बर्फात बसलो.

सव्वीस वर्षांपूर्वी मी उत्तरेच्या एका बर्फाळ ठाण्यावर हवालदार होतो. आमच्यात स्कीचा कोर्स केलेला मी एकटाच. कोर्सच्या उस्तादांनी हेच सांगितलं होतं, "आगे झुको." मला ते पटलं नाही. मी मनगटाच्या आणि मांड्यांच्या जोरावर कोर्स काढला आणि परत आलो. माझ्या सेक्शनची पोरं जावळी-पाटणच्या डोंगरातली. ओझं घेऊन घाट उतरताना मागे रेलायचं आणि टाच रोवायची, हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक. पुढे झुकला तो गडगडला. मी त्यांना सांगितलं, "आपला घाट उतरता तसं उतरा." पोरं खूश झाली. सोप्या उतारावर निभावूनही गेलं.

त्या फेब्रुवारीत सकाळी ०६४० ला आमची दहा जणांची गस्त परतत होती. रात्रीत बर्फ गोठून टणक झाला होता. उताराच्या शेवटी डावीकडे वळण, त्यापलीकडे कडा. मी सगळ्यांच्या पुढे. पायाच्या ताकदीने स्की ओढून वळवल्या आणि थांबलो. मागून लान्स नाईक बबन शेलार आला. वेग वाढला तसा तो मागे रेलला. स्की वळेनात.

मी ओरडलो, "बबन, मागे! टाच दाब!"

त्याने हुकूम पाळला. अजून मागे रेलला, आणि माझ्यासमोरून सरळ कड्याकडे गेला.

रेडिओ उचलला. "एक जवान नीचे गया. ओव्हर."

"दिख रहा है? ओव्हर."

"नहीं. ओव्हर."

१४१० ला देह मिळाला. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "साहब, जवान घबरा गया." खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. सुट्टीवर त्याच्या गावी गेलो. त्याची बायको सुलाबाई तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिलाही मी तेच सांगितलं.

"वन मोर रन, सर?" क्लेअरने विचारलं. मी स्की काढून तिच्या हातात दिल्या.

परतताना गाडीत मंजिरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट नो."

"सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही," मी म्हणालो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

घरी आल्यावर माजी सैनिकांच्या ग्रुपवरून सुलाबाईंचा नंबर मिळवला. आमच्याकडे संध्याकाळचे सात, गावाकडे सकाळचे साडेसात.

"वहिनी, बबन घाबरला नव्हता. मी त्याला चुकीचं शिकवलं होतं. शेवटपर्यंत तो माझंच ऐकत होता."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्या बोलल्या.

"भावजी, पोरगं अठरा वर्साचं झालं तवा भरतीला निघालं हुतं. म्याच अडवलं. म्हनलं, तू बापावर गेलायस, ऐन वक्ताला घाबरशील. तवापास्नं माज्याशी धड बोलत न्हाई."

"वहिनी, माफ करा मला."

"माजं ऱ्हाऊ द्या. पोरगं हितंच हाय. त्येला सांगा."

फोन हातातून हातात गेला. "हॅलो," असा जाड, पुरुषी आवाज आला. मी खुर्चीतून उठलो, सावधानमध्ये उभा राहिलो, आणि लान्स नाईक बबन शेलारचा रिपोर्ट सव्वीस वर्षांनी खरा दिला.