दाढीवाल्या दुकानदाराने घेतलेला कोयता

मला ज्याने फसवलं त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. त्याला पांढरी दाढी आहे, डोक्याला निळं फडकं आहे, गावाच्या वेशीवर त्याचं लाकडी दुकान आहे आणि तो कॉम्प्युटरच्या आत राहतो. त्याने माझ्याकडून माझ्या बापाचा कोयता घेतला आणि परत दिला नाही. हे आधीच स्वच्छ सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.

आमचं गाव दापोडे. भाताची शेतं गेली आणि गोदामं आली, तेव्हा गावातले बाकीचे ओटीवर बसून भाड्याची वाट बघायला शिकले. मी गोदामाच्या मागच्या दाराने आत शिरलो. आधी फेकलेले पुठ्ठे उचलले, मग भिजलेला, चेपलेला, खोकं फाटलेला माल उक्ता घ्यायला लागलो. उक्ता म्हणजे न उघडता, न मोजता, अख्खा ढीग एका बोलीत. या धंद्यात माझा मंत्र एकच. पहिल्या भावाला 'नाही' म्हणायचं, चप्पल घालायची, दारापर्यंत जायचं. समोरचा हाक मारतोच. पुन्हा 'नाही'. पुढच्या हाकेला सौदा करायचा आणि तिथल्या तिथे पक्का करून टाकायचा. समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचाच नाही! (माझ्या लग्नात मी भटजींनाही दारापर्यंत जाऊन दाखवलं होतं. मुहूर्त टळला, पण दक्षिणा उतरली.)

अशाच एका भिजलेल्या ढिगातून आमच्या घरी कॉम्प्युटर आला. सोबत एका फुटक्या डबीत एक सीडी. माझी मुलगी पिंकी तेव्हा कॉलेजात होती. तिने ती लावली आणि पडद्यावर एक खेडं उगवलं.

गेम असा होता. एका शेतकऱ्याचं गाव राक्षस जाळतात. त्याचा पोरगा बापाचा कोयता घेऊन निघतो आणि वाटेत भेटेल त्याला कापत सुटतो. डुक्कर, वटवाघूळ, झाडाला फुटलेले हात, काय वाटेल ते! सगळं चपटं. जत्रेत कापडावर रंगवलेली चित्रं सरकवतात तसं गाव सरकायचं आणि हा पठ्ठ्या उड्या मारत जायचा. कोयत्याची गंमत ही, की वापराल तेवढी त्याला धार चढायची. विकत घेऊन मिळणारी ती वस्तूच नव्हती.

आता आमच्या बाबांविषयी. त्यांना लकवा झाला होता आणि उजवा हात गेला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला. "आजोबा, हा दिवसभर दाबायचा." बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. दुसरा दिला, तोही गेला. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "अहो, बोटं हलवली नाहीत तर मूठ मिटेल ती कायमची." बाबा म्हणाले, "मिटूंदे. उघडून तरी काय धरायचा हाय?"

हा टोमणा मला होता. जमीन विकली त्यानंतर बाबा माझ्याशी सरळ बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं चेंडू, भिंत, पंखा यांच्यामार्फत चालायचं.

एके दिवशी पिंकीने त्यांचा मेलेला हात उचलून कीबोर्डवर ठेवला. "आजोबा, हे दाबलं की पोरगा चालतो. हे दाबलं की कोयता फिरतो." बाबांनी पडद्यावरचा कोयता बघितला. बराच वेळ बघितला. मग त्यांचं एक बोट हललं आणि एक डुक्कर मेलं!

त्या दिवसापासून चेंडूची गरज संपली. आधी एक बोट, मग दोन, मग अंगठा. दिवाळीपर्यंत बाबा त्या हाताने चहाचा कप धरू लागले. बाई थक्क! आणि कोयत्याची धार तर इतकी चढली की राक्षस दिसायच्या आधीच पडायला लागले. शेवटचा तेवढा एक मोठा राक्षस उरला होता.

या काळात आमच्या घरी गेमवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण होतं. माझी बायको सुमन म्हणायची, "घरं बघा किती स्वच्छ आहेत! कोणाच्या अंगणात एक पुठ्ठा नाही." (हे मला.) माझा मेहुणा दिनेश भिवंडीहून रविवारी यायचा आणि नाक मुरडायचा.

"दाजी, चपटा गेम आहे हा. आता सगळं गोल आलंय बाजारात. यात माणूस झाडामागे जाऊच शकत नाही."

"झाडामागं जाऊन करायचा काय?" बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "परसाकडला जायचा हाय काय त्याला?"

पिंकीचं मत, मधले राक्षस फार सोपे आणि शेवटचा फार कठीण. बाबांचं मत मी एकदाच ऐकलं, तेही त्यांनी पंख्याला सांगितलं तेव्हा. "चांगला गाव हाय. हितं जमीन कोन मागत न्हाय."

माझं मत कोणी विचारलं नाही. मी ते रोज देत होतो! "दुकानात घासाघीस नाही. सांगेल तो भाव. अशा बाजारात माणसाने जगायचं कसं?"

आणि मग ती दुपार आली. पिंकी कॉलेजात, सुमन हळदीकुंकवाला, बाबा आत झोपलेले. माझा एक ढीग त्या दिवशी हातचा गेला होता, त्यामुळे डोकं तापलेलं. कॉम्प्युटर चालूच होता. बाबांचा पोरगा वेशीवर कोयता खांद्यावर टाकून उभा. समोर दुकान. म्हटलं, बघू तरी या दाढीवाल्याला!

आत गेलो. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे मला कुठल्याही भाषेत कळतात. दाढीवाल्याने कोयत्याकडे बोट केलं आणि भाव दाखवला. भाव बरा होता. सवयीने मी 'नाही' दाबलं आणि पोऱ्याला दारापर्यंत नेलं.

दाढीवाल्याने हाक मारली!

खरंच सांगतो, अंगावर काटा आला. पडद्यावर शब्द उमटले आणि भाव वाढला. इतके दिवस मी ज्याला हटवादी समजत होतो तो माझ्याच जातकुळीचा निघाला! मी पुन्हा 'नाही' म्हटलं, पुन्हा दाराकडे. (मी खुर्चीत बसल्या बसल्या चप्पलही घातली.) पुन्हा हाक. या वेळचा भाव बघून माझ्या कपाळाला घाम आला. जुन्या, वापरलेल्या, मुठीला चिंध्या बांधलेल्या कोयत्याला इतकं सोनं? आमच्या घरचे खरे कोयते मी जमिनीबरोबरच भंगारात वजनावर घातले होते, ते आठवून जीव हळहळला.

मी 'हो' दाबलं. दाढीवाल्याने पुन्हा काहीतरी लांबलचक लिहून दाखवलं, खाली पुन्हा 'हो' आणि 'नाही'. मला वाटलं, हा आता शब्द फिरवतोय! असले खूप बघितलेत. मी झटकन 'हो' दाबलं. आलेल्या सोन्यातून बाबांसाठी चकचकीत तलवार घेतली, चिलखत घेतलं, पिसांचं शिरस्त्राण घेतलं. मग म्हटलं, दाढीवाला संध्याकाळपर्यंत पलटला तर? पिंकीने मला एकदा दाखवलं होतं की तबकडीचं चित्र दाबलं की झालेलं सगळं कायम होतं. मी ते दाबलं. सौदा पक्का!

त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायला जागा एकच होती. माझा सौदा बाबांच्या सगळ्या दिवसांवर जाऊन बसला, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलं. अगदी पेढे ठेवले! बाबा येऊन बसले. पिसं लावलेला पोरगा बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"ह्यो कोन?"

"आपलाच आहे, बाबा! बघा कसा नटवलाय."

"कोयता कुटं हाय?"

"विकला! आणि काय भाव काढला विचारा."

पिंकी किंचाळली. "पप्पा! शेवटचा राक्षस फक्त त्या कोयत्यानेच मरतो!"

"मग परत घेऊ. त्यात काय? दोन पैसे जास्त देऊ."

ती धावत, म्हणजे पोऱ्याला पळवत, दुकानात गेली. दाढीवाल्याने हात जोडले आणि काहीतरी लिहिलं. पिंकीने वाचून सांगितलं. "म्हणतोय, कोयता मी लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. ते गिऱ्हाईक डोंगरापलीकडे गेलं."

"म्हणजे दलाल!" मी टेबलावर मूठ आपटली. "हा दुकानदार नाही, दलाल आहे! चोर आहे!" पेढे उडाले.

बाबांनी उजवा हात कीबोर्डवरून उचलला, डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला आणि कित्येक वर्षांनी सरळ माझ्याकडे बघून बोलले.

"बाल्या, शेत इकलास तवा पन पेढंच आनलं होतंस."

आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दिनेश समजूत घालायला आला. "त्यात काय, बाबा? पहिल्यापासून नवा गेम सुरू करा."

"दुसऱ्याच्या शेतावर मी जानार न्हाय," बाबा म्हणाले. पिंकीने हात जोडले, सुमनने देव पाण्यात घातले, मी ओरडलो. काही झालं नाही. मग मीच गुपचूप नवा गेम सुरू केला, म्हटलं कोयत्याला धार लावून त्यांना आयता देऊ. पहिल्याच डुकराने मला मारलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा डुक्कर! ज्या डुकराला माझ्या बापाने लकव्याच्या एका बोटाने मारलं होतं, त्याने मला महिनाभर वेशीच्या बाहेर जाऊ दिलं नाही.

बाबांची मूठ हळूहळू मिटली. बाईंनी पुन्हा चेंडू दिला. या वेळी बाबांनी तो फेकलाही नाही. होळीच्या सुमारास ते गेले. आंघोळ घालताना ती मूठ उघडेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, राहू द्या तशीच. डॉक्टर म्हणतात, हे व्हायचंच होतं. मी म्हणतो, दाढीवाल्याने केलं.

तेराव्यानंतर मी पिंकीला घेऊन भिवंडीत सायबर कॅफेत गेलो. गेम खेळणारे आपापली मतं लिहितात असं एक पान तिने उघडलं. ती वाचत गेली आणि माझं डोकं फिरत गेलं. जो तो दुकानदाराची तारीफ करतोय! एकाने लिहिलं होतं, अख्ख्या गेममधली सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे ती हाक. दुसऱ्याने लिहिलं होतं, मला वाटतं कोयता कोणी विकतच नसेल, इतका दगड खेळाडू कुठे भेटणार?

"लिही!" मी गरजलो. कॅफेतले सगळे वळून बघायला लागले. "लिही, भेटेल! दापोड्याला या, म्हणावं!"

पिंकीने माझं मत लिहिलं. गेमला तारे द्यायचे होते. मी अर्ध्या ताऱ्यावर अडून बसलो, पण तिथेही भाव ठरलेला, एकाच्या खाली उतरेनात. मी उठून कॅफेच्या दारापर्यंत जाऊन आलो. कोणी हाक मारली नाही.

मग मी विचारलं, "पिंके, त्या दाढीवाल्याने शेवटी लांबलचक काय लिहून दाखवलं होतं?"

त्याच पानावर कोणीतरी ते उतरवून ठेवलं होतं. पिंकीने वाचलं, "ही तुझ्या बापाची वस्तू आहे. नक्की विकतोस का?"

"इंग्रजीत! घाल ते माझ्या मतात. बापाच्या वस्तूबद्दल विचारायचं, आणि परक्या भाषेत? मराठीत विचारलं असतं तर मी विकला असता का?"

पिंकी कीबोर्डकडे बघत म्हणाली, "पप्पा, शेताच्या वेळी आजोबांनी मराठीतच विचारलं होतं."

त्या पानावर अजून मला कोणाचं उत्तर आलेलं नाही. माझी मागणी कायम आहे. गेम बनवणाऱ्याने द्यावं, दाढीवाल्याने द्यावं, डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकाने द्यावं, त्या डुकराने दिलं तरी चालेल. पण या प्रकाराचा जबाब कोणीतरी दिलाच पाहिजे. मी सोडून कोणीही!