न आलेलं ताट

सुरतेला राहायला गेले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, आणि देव कुणाच्या घरी जातो, कुणाच्या नाही, हे मला अगदी पक्कं ठाऊक होतं. पुढं एवढं आयुष्य गेलं, पण तेवढं ज्ञान पुन्हा कधी झालं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं म्हटली की मला आधी सुरतेतल्या डिंडोलीची दुपार दिसते. नवरा रेल्वेत ड्यूटीवर, मुलं शाळेत. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालायचे आणि त्या एकसुरी खटखटीवर सगळी सोसायटी पाळण्यात घातल्यासारखी पेंगायची. धाग्याचा भुरा हवेत तरंगायचा, उन्हात चमकायचा आणि माझ्या मांडीवरच्या उघड्या बायबलवर येऊन बसायचा. मी तो फुंकायची आणि अर्ध्या झोपेत पुढचं वचन पाठ करायची. त्या दुपारी पाठ केलेली वचनं अजून तोंडावर आहेत. फक्त मधेच कधी त्यांच्यात आक्कांची हाक येते, "मडम, चहा टाकू का वं?"

आक्का म्हणजे शेजारीण. धुळ्याकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे मालक कडोदऱ्याला लूमवर होते. मी रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवते हे कळल्यापासून त्यांनी मला 'मडम' करून टाकलं होतं. अख्ख्या सुरतेत मला हाक मारणारं तेवढंच एक माणूस. चर्च गुजराती. तिथल्या बायका गोड होत्या, पण माझ्या नगरकडच्या मराठीला त्या नुसत्या हसून मान डोलवायच्या. ताप आला तर पेज आक्कांची, पोरं उशिरा आली तर काळजी आक्कांची.

अशा आक्कांच्या घरी श्रावणात कानबाई बसायची. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची आणि रोटाचा स्वयंपाक करायचा: पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. वास थेट माझ्या स्वयंपाकघरात. पहिल्या वर्षी आम्ही त्या सुमाराला गावी होतो. दुसऱ्या वर्षी मात्र घरीच होतो. आता आपल्याकडेही नैवेद्याचं ताट येणार.

मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न विश्वासणाऱ्यानं खावं का, हा प्रश्न पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही पडला होता. शास्त्रात त्याचं उत्तर लांबलचक आहे. त्यात दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये याची काळजी आहे आणि ज्ञानापेक्षा प्रीती मोठी असंही आहे. मी त्यातलं अर्धंच पाठ केलं होतं. सोयीचं.

आठ दिवस आधीपासून चपात्या लाटता लाटता माझी तालीम चालली. "आक्का, वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्या विश्वासात हे चालत नाही." कधी नम्रपणे, कधी डोळ्यांत पाणी आणून. आक्का रागावणार, बोलणं तोडणार, मला एकटं पडावं लागणार, हेही मी गृहीत धरलं होतं. प्रभूसाठी सोसायचं! पहिल्या विश्वासणाऱ्यांना त्यासाठी सिंहापुढं उभं राहावं लागलं. मला पुरणपोळी पुरली.

नवरा म्हणाला, "अगं, आधी ताट तर येऊ दे."

"तुम्हाला विश्वासातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

रविवारी चर्चमधून आले आणि चांगली साडी अंगावर तशीच ठेवून दार सताड उघडं टाकून बसले. पलीकडे पाहुणे, हसणं, तुपाचा वास. ताट आलं नाही. सोमवारी वाजतगाजत कानबाईला बोळवलं. आक्का नाचत नाचत माझ्या दारावरून गेल्या, माझ्याकडे बघून हसल्याही. ताट नाही. मंगळवारी दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले होते. ज्याला नाही म्हणायचं होतं तेच आलं नाही, म्हणून! शेवटी त्यांची पिठाची चाळणी परत करायच्या निमित्तानं गेले.

"आक्का, यंदा आम्हाला विसरलात."

"काय विसरले?"

"काही नाही. पुरणपोळीचा वास येत होता."

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या, मग कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "तुले कसं देऊ वं माय? रोट भाऊबंदांतच खातात. बाहेरच्याला देत नाहीत. माझी सख्खी लेक लिंबायतला दिली, ती परवा इथंच बसली होती. तिलाबी नाही दिला. लग्न झालं, दुसऱ्या कुळाची झाली."

"म्हणजे मी मागितला तरी?"

"तरी नाही. आणि तुमच्यात तरी कुठं देतात?" त्या चाळणी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाल्या. "ईस्टरला तू माझा हात नाही का दाबला?"

मी दाबला होता. ईस्टरला आक्का हौसेनं माझ्यासोबत चर्चला आल्या होत्या. इतकी वर्षं सुरतेत काढलेली, त्यामुळे गुजराती गाणी माझ्यापेक्षा त्यांनीच बरी म्हटली. मग प्रभुभोजन सुरू झालं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात सरकत आलं, आक्कांनी सगळ्यांसारखा हात पुढं केला, आणि मी तो खाली दाबून ताट त्यांच्यावरून पलीकडे दिलं. बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच ते असतं. माझं चुकलं नव्हतं. म्हणूनच ते माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

"जोरात दाबला का हो?"

"जोरात? चिमट्यात धरल्यासारखा धरला. मला वाटलं, भाकरीत पाल पडली की काय!"

मला हसू येईना. "माफ करा, आक्का. आधी सांगायला हवं होतं मी."

"भूक नव्हती लागली मला," आक्का म्हणाल्या. आता त्याही हसत नव्हत्या. "ताट सगळ्यांपुढून येत होतं. वाटलं, माझ्याही पुढून येईल."

दोन दिवस उघड्या दारात बसून मला नेमकं हेच वाटलं होतं. शब्दसुद्धा हेच. मी तिथंच जमिनीवर बसले. आक्कांनी न विचारता चहा टाकला. "पी. हा कुणाला दाखवलेला नाही," असं बजावून त्यांनी बशी पुढं केली. लूम चालू होते, भुरा उडत होता आणि आम्ही दोघी बशीत फुंकर मारत बसलो.

त्या बैठकीत मी काही सुधारक झाले नाही. प्रभूच्या मेजाला कुंपण असावं हे मी आजही मानते, आणि रोटालाही असू दे बापडं. पण कुंपणाच्या आत बसून बाहेरच्याचा हात दाबणारी ती बाई मला पुन्हा कधी आवडली नाही.

नाताळाआधीच्या रविवारी मीच आक्कांना विचारलं, "येता का?" आदल्या दिवशी चहावर सगळं समजावूनही सांगितलं. चलथाणच्या साखर कारखान्याकडून उसाच्या मळीचा आंबूस-गोड वास येत होता, चर्चमध्ये धुकं शिरल्यासारखं वाटत होतं, गाणी लांबून आल्यासारखी. ताट आलं. आक्कांनी आपण होऊन हात पदरात घेतले. ताट माझ्या हातात होतं. तुकडे पांढरेशुभ्र, सारखे कापलेले. मी एकही उचलला नाही. तसंच पुढं दिलं आणि आक्कांच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसून राहिले.

आक्कांनी कोपर मारलं. "का नाही घेतलंस? भांडलीस काय देवाशी?"

"गप्प बसा. प्रार्थना चालू आहे."

दारात पाळकांनी काळजीनं विचारलं तर मी अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. चर्चच्या पायरीवर खोटं! आक्का तोंडाला पदर लावून रस्त्यापर्यंत हसत होत्या, आणि मग रिक्षात बसल्यावर घरापर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला.

ते न घेणं बरोबर की चूक, हे मी पुढं दोन पाळकांना विचारलं. एक म्हणाले पाप, एक म्हणाले प्रीती. मी दोघांनाही "हो" म्हणाले. आता ज्याचं ते मेज, त्यालाच विचारायचं. तशी फार वाट पाहावी लागणार नाही.