साहेबिणीच्या घरी शिकलेलं ‘गिव’

गिव म्हंजे देणं. एवढं एक क्रियापद शिकाले मले अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यात मी साहेबिणीचे उडदाचे पापड लाटले, मुगाचे लाटले, कुरड्या घातल्या, सरगुंडे वळले, अन् ती वेताच्या खुर्चीवर बसून म्हणे, “मी तुम्हाला फुकट शिकवतेय, लक्षात ठेवा हं.”

फुकट! दोन हात अन् एक कंबर लागली आमची, अन् म्हणे फुकट.

पण मी गेली, कारण मले भेव होतं. माही पोट्टी इंग्रजी शाळेत केजीमधी होती. घरी इतकी बडबडे का शेजारपाजारचे कटाळून जात, पण शाळेत गेली का तोंडाले कुलूप. फेब्रुवारीत तिच्या डायरीत लाल शाईनं चार ओळी आल्या. आमच्या घरच्यायनं त्या दोनदा वाचल्या, अन् चष्मा काढून टेबलावर ठेवला, तवाच मले समजलं का काहीतरी वाईट हाय.

“काय लिवलं हो?”

“घरी इंग्रजी बोलत नाही म्हणते. एप्रिलमधी आईनं येऊन भेटावं म्हणते. आईशी बोलून मंग ठरवतीन, पुढच्या वर्गात घ्याचं का नाही ते.”

“आईनं? बापानं नाही?”

“आई लिवलं हाय,” हे म्हणाले, अन् त्यायले कसं हायसं वाटलं ते मले दिसलं. लोखंडाच्या प्लांटच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजीत टायपिंग करणारा माणूस! पण त्या शाळेच्या चपराशालेसुद्धा हे यस सर म्हणत. मी सातवी पास, तेही भंडाऱ्याकडच्या गावात, जिथं इंग्रजीचा मास्तर सायकल पंक्चर झाली का आठ दिवस येत नसे. अन् परीक्षा माही.

सुपेल्याच्या बाजारात फुटपाथवर एक बिनकव्हरचं इंग्रजी शिकवाचं पुस्तक भेटलं, ते आणलं. त्यात ‘गिव’च्या खाली अख्खं पान होतं. गिवच्या पुढं एक शब्द लावला तं अर्थ हार मानणं, दुसरा लावला तं वाटून टाकणं, तिसरा लावला तं परत करणं. माहं डोकं फिरलं. मी ते पान घेऊन साहेबिणीकडे गेली. तिचा नवरा प्लांटमधी मोठा अफसर, ती नागपूरची, या हिंदी मुलखात आमच्यासारखी मराठीच, पण आमच्याशी मराठी अशी बोले जशी भिकाऱ्याले कालची पोळी टाकून राहिली. तोंडावर आम्ही तिले मॅडम म्हणो. तिनं पान पाहिलंच नाही.

“हे सगळं तुमच्या कामाचं नाही. उद्यापासून दुपारी या. येताना आपापलं लाटणं आणा.”

लाटणं! इंग्रजी शिकाले! अन् मी नेलं, हेच तं सांगून राहिली मी.

संगं माही शेजारीण होती. तिच्या पोराची डायरी अजून लाल झाली नव्हती, ती आपली गम्मत पाहाले येई. आम्ही व्हरांड्यात चटईवर बसो. प्लांटच्या भट्टीकडून आलेली लाल धूळ रोज पहिले फडक्यानं पुसा लागे, नाहीतं साहेबिणीच्या पापडाचा रंग बदलते म्हणे. मंग क्लास सुरू.

“गिव मी द पोळपाट. म्हणा.”

“गिव मी द पोळपाट,” आम्ही दोघी.

“अगं, नुसतं म्हणू नका, द्या इकडे! गिव मी द तेल. गिव मी द ताट. गिव हर द गोळा.”

पोळपाटाले इंग्रजीत काय म्हणते ते तिलेही येत नव्हतं, हे मले मागून समजलं. गिव, गेव, गिवन हे तिनं एकदाच म्हणून दाखवलं. देते, दिलं, दिलेलं. बस, व्याकरण संपलं, लाटा आता.

एक दिवस शेजारीण म्हणे, “मॅडम, ‘घेणं’ कवा शिकवसान?”

“आधी देणं पक्कं होऊ दे.”

घरी येता येता शेजारीण रस्त्यावर उभी राहून हासे. “पक्कं होऊ दे म्हणते! माय वो, माहे खांदे उतरले दिऊन दिऊन. इचं पक्कंच नाही होऊन राहिलं.”

मी हासली नाही. मी शिकून राहिली होती ना! साहेबीण तिच्या कामवालीले कशी म्हणे ते मी नीट पाहून ठेवलं. मान वर करत नसे. नुसता हात लांब करे, बोटं दोनदा हलवे, “गिव.” अन् ती बिचारी छत्तीसगडी बाई, जिले इंग्रजीचं ‘ए’ नाही येत, धावत येऊन वस्तू हातात ठेवे. मले वाटलं, हेच खरं इंग्रजी. पुस्तकात एवढं पानभर कावून लिवतात? मी घरी तसंच करून पाहिलं. “गिव मी द लोटा,” हात लांब करून. आमच्या घरच्यायनं पेपर खाली ठेवला अन् उठून लोटा देल्ला. माही छाती अशी फुगली! पोट्टीले म्हटलं, “गिव मी द वाटी.” तिनं वाटी देल्ली, पण एक शब्द बोलली नाही. कोपऱ्यात जाऊन बाहुलीसंगं मराठीत कुजबुजली.

एप्रिलमधी शाळेतून बोलावणं आलं. हे म्हणाले, “माही ड्यूटी हाय, सुट्टी नाही भेटत.” मी म्हटलं, “मांगून तं पाहा.” म्हणे, “मांगितली.” मांगितली नव्हती, चेहऱ्यावरच दिसे. मी एकटीच गेली, पोट्टीचा हात धरून, आमच्या रुआबांध्याहून पायी, रस्ताभर तोंडात गिव मी, गिव मी.

मोठ्या टीचरच्या खोलीत पंखा इतका जोरात होता का टेबलावरचे कागद दगडाखाली दाबून ठेवले होते. ती बोलू लागली. बोलली, बोलली, मधी पोट्टीकडे पाहिलं, मधी माह्या चपलीकडे पाहिलं, मले एक शब्द समजून नाही राहिला, घामानं ब्लाउज पाठीले चिकटला. एकदा तिनं काही विचारलं अन् थांबली. मी हासली. तिनं परत विचारलं. मी परत हासली. तवा तिनं दगड उचलला, खालून एक कागद काढला अन् माह्यासमोर धरून दाखवला. त्याच्यावर माह्या पोट्टीचं नाव होतं. तेवढं इंग्रजी मले वाचता येते. शिक्का होता, सही होती. मले वाटलं, हाच तो कागद, पुढच्या वर्गाचा. ती तो मागं घेऊन राहिली होती, दगडाखाली परत ठेवून राहिली होती.

मी मान वर केली नाही. हात लांब केला, बोटं दोनदा हलवली.

“गिव.”

मंग मी पुरं वाक्य म्हटलं, एकही चूक न करता. “गिव मी द पेपर.”

टीचरच्या भुवया वर गेल्या. तिनं कागद माह्या हातात ठेवला, अन् रजिस्टरवर बोट ठेवून सही कराले लावली. मी केली, मराठीत, झोकात. बाहेर आली तं मी पोट्टीले म्हटलं, “पाहिलं? तुही माय इंग्रजी बोलली.”

संध्याकाळी यायनं कागद वाचला अन् परत चष्मा काढून ठेवला.

“अवो, ही टीसी हाय. पोट्टीचं नाव काढून आणलं तू शाळेतून.”

दुसऱ्या दिवशी यायले सुट्टी बरोबर भेटली. गेले, अन् तासाभरात परत आले. टीचर म्हणे, मी तं धाक दाखवाले कागद काढला होता, अजून एक वर्स केजीतच ठेवाचा विचार होता, तेच तुमच्या बायकोले विचारून राहिली होती, पण बाईनं हुकूम सोडला. प्लीजसुद्धा नाही म्हटलं. सही केली. आता ती जागा दुसऱ्या पोराले देल्ली.

“प्लीज कावून नाही म्हटलं तू?” हे ओरडले.

“कोणी म्हणताना ऐकलंच नाही मी,” मी म्हटलं. खरंच होतं ते. साहेबिणीच्या घरी अडीच महिन्यात कोणी कोणाले प्लीज म्हटलं नव्हतं.

तिले मी सांगाले गेली तं ती हासली, पदर तोंडाले लावून हासली, “अगं वेडे, ते नोकरांशी बोलायचं असतं.” मंग म्हणे, मुगाचे दोन किलो राहिलेत, उद्या येशील ना? मी माहं लाटणं उचललं अन् निघाली. बोलाले पाहिजे होतं. भेकड ते भेकडच.

जुलै लागला तवा पोट्टीले प्लांटच्या सेक्टरमधल्या हिंदी शाळेत घातलं. मास्तरणीनं विचारलं, “क्या नाम है तेरा?” तं तिनं नाव सांगतलं, बापाचं सांगतलं, बाहुलीचंही सांगतलं, अन् मास्तरीण चूप म्हणे तरी थांबली नाही. वर्गात गेली ते वळून पाहिलंसुद्धा नाही. मले तिचा राग आला, इतकी खुश कायची होऊन राहिली म्हणून. बाकीच्या बाया घरी गेल्या, मी मात्र गेट धरून उभी, जशी काही आतमधून कोणी येऊन मलेच काहीतरी इंग्रजीत विचारणार होतं.