चनमल्लप्पाचं पेडल

चनमल्लप्पाला सोलापुरात 'मशिनीचा मध्यस्थ' म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. एका तंत्रसंस्थेत तो संशोधक होता आणि त्याचा विषय काय, तर माणसाचं आणि यंत्राचं जमतं कसं आणि बिनसतं कुठं. बाकीचे संशोधक धागा तपासायचे, रंग तपासायचे; हा बाबा कारखान्यात जाऊन बायकांच्या कोपरांकडं बघत बसायचा. एका मालकानं तर त्याला हाकलूनच दिलं होतं. आई नागम्मा म्हणायची, "मशिनीची लग्नं लावतोस, तुझं कधी?" अक्कलकोटला वडिलांचं पेंडीचं दुकान होतं आणि वडील टपूनच बसले होते. संशोधन बुडालं की पोरगं गल्ल्यावर, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि ते बुडायची वेळ आलीच. संचालक बिराजदार साहेबांनी सांगून टाकलं, "सोमवारी चाचणी. यंत्र चाललं तर तुम्ही राहाल, नाहीतर विभाग बंद."

यंत्र मात्र झकास होतं, खोटं कशाला बोला. चादरीवर फूल उठवायचं तर आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडावी लागतात. कुठला धागा उचलायचा ते माग त्या भोकांवरून ठरवतो. भोकं पाडणाऱ्या बाईला फूल दिसतच नाही. ते दिसतं थेट चादरीवर, आणि तोवर पाकळी वाकडी गेली असली तर बोंबला. चनमल्लप्पानं बाईसमोर बल्बांचा फळा लावला. तिनं बटणं दाबायची, फूल फळ्यावर उजळायचं, पसंत पडलं तरच भोकं पाडायची. हात बटणांत गुंतलेले, म्हणून ओळ पुढं-मागं न्यायला पायाशी दोन पेडल. कुठलं पेडल कशाचं ते कळावं म्हणून पेंटरकडून त्यांवर ठसठशीत अक्षरं काढून घेतली, 'पुढे' आणि 'मागे'. मराठीत, कानडीत आणि तेलुगूत. सोलापूर आहे, कुणी नाराज व्हायला नको. ह्या अक्षरांचा त्याला बल्बांपेक्षा जास्त अभिमान होता.

चाचणीला रंभाबाई आल्या. भोकं पाडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं, तोंडही फटकळ. चपला दाराबाहेर काढल्या, बसल्या, बटणं दाबली. फळ्यावर पाकळी उजळली तशा खुदकन हसल्या. मग पेडलवर पाय ठेवला, लगेच वाकून अक्षरांना हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि सरळ होऊन पुढची ओळ घेतली. परत पेडल, परत वाकणं, परत डोळे. फूल राहिलं बाजूला, बाईंची कवायतच चालली.

"बाई, ते वाकायचं सोडा की," चनमल्लप्पा म्हणाला.

"पाय लागतोय न्हवं अक्षराला."

"अहो, पत्र्यावरचा रंग आहे तो नुसता."

"असू दे. विद्या हाय ती. तुमी शिकलेली माणसं, तुमाला चालत आसंल."

बिराजदार साहेबांनी घड्याळ बघितलं. चनमल्लप्पाच्या डोळ्यांपुढं पेंडीची पोती उभी राहिली. एवढ्या वर्षांचं काम ह्या बाईच्या नमस्कारापायी जाणार, ह्या विचारानं त्याचं डोकंच फिरलं. "साहेब, हा अडाणीपणा आहे. यंत्राचा दोष नाही. उठा बाई, मी दाखवतो."

चपला भिरकावून तो बसला. बटणं दाबली, पाय ऐटीत पेडलवर ठेवला. आणि हात? हात त्याला न विचारताच खाली गेला, अक्षरांना लागला आणि डोळ्यांपर्यंत आला. लहानपणी पाटीला पाय लागला की नागम्मा पाठीत धपाटा घालायची. तो धपाटा इंजिनिअर झाल्यावरही अंगात मुरलेलाच होता.

रंभाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. "सरका," ते म्हणाले, "एवढं साधं जमत नाही?" त्यांनी बूट काढला, मोज्यातला पाय उचलला, वाकून कानडी अक्षरं वाचली आणि पाय तसाच हवेत राहिला. साहेबांनी पाय हळूच मागं घेतला आणि बुटाची नाडी बांधायला मुद्दाम वेळ लावला.

"विभाग बंद करायचा का, साहेब?" चनमल्लप्पानं विचारलं. जायची ती अब्रू गेलीच होती.

"कोण नापास झालं म्हणून सांगू वर? यंत्र, का आपण दोघं?" साहेब खेकसले. "महिनाभरानं परत चाचणी लावा. आणि माणसांचा अभ्यास करता ना, मग त्यात स्वतःला पण धरत चला."

साहेब गेले. चनमल्लप्पाला लाज वाटत होती, ती हात खाली गेल्याची नव्हती, 'अडाणी' म्हटल्याची होती. मग उठून त्यानं एका पेडलच्या कडेला सुतळी गुंडाळली, म्हणजे अनवाणी पायाला न वाचता कळेल. दोन्हींवरची अक्षरं पुसायला रॉकेल आणि चिंधी आणली.

रंभाबाई अजून दारातच होत्या. "पुसताय व्हय?"

"व्हय," तो म्हणाला.

चिंधी बाजूला ठेवून त्यानं तिन्ही भाषांना एकेक नमस्कार केला. ह्या खेपेला हात आपणहून गेला नव्हता, त्यानं नेला होता. मग तो पुसायला बसला.