कोल्हापूरच्या विमानाचा वजनकाटा

आता काय सांगू, ही फजिती मीच सांगून टाकते. नाहीतरी वेसाव्यात, आमच्या कोळीवाड्यात, ती माझ्याआधी पोचली होती, तीही तिखटमीठ लावून.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. कोल्हापूरला नवंनवं पंख्याचं विमान जायला लागलं होतं. तिथल्या आखूड धावपट्टीवर मोठं जेट कुठलं उतरायला? म्हणून हे एकोणीस खुर्च्यांचं पिल्लू.

माझी धाकटी बहीण सुलू कोल्हापूरला दिलेली. सातवा महिना, त्या दुपारी डोहाळजेवण, आणि मी शाळेत शिकवणारी, आदल्या संध्याकाळपर्यंत मुलांच्या परीक्षेत अडकलेली. रातराणीत जागा नव्हती, आणि सकाळच्या एसटीने गेले असते तर पंगत उठल्यावर पोचले असते. नवऱ्याने मन मोठं करून विमानाचं तिकीट काढलं.

बॅगेला मर्यादा दहा किलोची. ती साडीचोळी आणि लाडवांनीच भरली. तेवढ्यात आई सुके बोंबील घेऊन आली. "पोरीचा जीव अडकलाय त्यात, ने गो."

मी बोंबील जुन्या साडीत घट्ट गुंडाळले आणि पोटावर बांधले. वरून पदर. बॅग मोजतील, बाईला कोण मोजतंय?

सांताक्रूझला बॅग काट्यावर ठेवली, दहा किलो भरली, मी ऐटीत निघाले.

"ताई, कुठे? आता तुम्ही चढा," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"मी?"

"छोटं विमान आहे ना. माणसांचंही वजन करतो आम्ही."

चढले. त्याने आकडा लिहिला, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "कितवा महिना?"

इथे खरं सांगायचं की नाही? माझ्या तोंडून सुलूचाच महिना निघाला. "सातवा."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"सातव्यात चिठ्ठीशिवाय बसवता येत नाही, ताई."

वाट लागली. पण मी पडले कोळ्याची पोर. समोरचा अडला की भाव उतरवायचा, एवढंच ठाऊक. म्हटलं, "मग सहावा धरा."

"धरा?"

"बरं, पाचवा. याच्या खाली नाही परवडत."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, मी तुम्हाला सोडू शकत नाही."

डोळ्यांसमोर सुलू आली, दाराकडे बघत बसलेली. मला खरंच रडू फुटलं. तशीच पाठ फिरवली, पदराआड गाठ सोडली आणि ते सगळं बाळंतपण काउंटरवर ठेवलं. गाठोडं उघडलं, वास सुटला, रांग दोन पावलं मागे सरकली.

तो आधी बघतच राहिला, मग हसत सुटला. "अहो, आज निम्मं विमान रिकामं आहे. सरळ सांगितलं असतं तर पिशवीतून नेऊ दिलं असतं."

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी जाणार होते, तेही बोंबलांसकट. त्याला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद देऊन टाकले.

"फक्त तुमचं वजन परत लिहून घेतो. चढा."

चढले. त्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि पुढे वाकून हळूच म्हणाला, "ताई, आत अजून काही राहिलंय का? लाजू नका, काढा. आज सगळं चालेल."

"नाही हो दादा," मी म्हटलं, "आता उरलंय ते माझंच आहे."