आईनं मागितलेली आज्ञा

आम्ही जैन. आमच्या शिरपुरात दिवस मावळला की आई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. म्हणून कॉलेज सुटलं रे सुटलं की मी मालेगावहून मिळेल त्या गाडीनं घर गाठते आणि उजेड आहे तोवर तिला मुगाचं पाणी भरवते. तिला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. जेवढं पोटात जातं त्यातलं अर्धं परत येतं.

तिला सल्लेखना घ्यायची आहे. हळूहळू अन्न सोडायचं, मग पाणी, आणि व्रत म्हणून शांतपणे मरणाची वाट पाहायची. पण घरच्यांनी आज्ञा दिल्याशिवाय ती घेणार नाही. भावानं डोळे पुसत दिली. मी दिलेली नाही. शेजारच्या बाया आत्तापासूनच तिच्या पाया पडायला येतात. "मोठी पुण्यवान हाये तुमची आई," एक म्हणाली. पुण्य तुमच्या घरी न्या, मला माझी आई राहू द्या, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

मी तत्त्वज्ञान शिकवते. एका जर्मन तत्त्वज्ञावर माझा फार जीव. धर्मानं माणसाला जगण्याची लाज वाटायला लावली, दुबळेपणाला सद्गुण म्हटलं, दया तर माणसाला खच्ची करते; बळकट माणूस दुखण्यासकट आयुष्याला हो म्हणतो, असं तो सांगतो. पोरं परीक्षेपुरतं लिहून घेतात. मी मात्र ते खरं धरून बसले.

परवा गाडी उशिरा आली. धावत घरात शिरले तर ऊन भिंतीवरून उतरत होतं. आईनं चमचा हातानं बाजूला केला.

"आज राहू दे, बाई. आज्ञा दे मले."

माझं डोकं फिरलं. "हे पळून जाणं आहे, आई. धर्म तुला मरायला शिकवतो आणि तू त्याला ताकद म्हणतेस." मग त्या तत्त्वज्ञाचं सगळं तिला सुनावलं, अगदी वर्गात सांगते तसं.

तिनं ऐकून घेतलं. "त्याचं शेवटी काय झालं?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "डोकं गेलं त्याचं. कित्येक वर्षं म्हाताऱ्या आईनंच सांभाळलं, लहान लेकरासारखं."

"बिचारी," आई म्हणाली. "काय वाटलं असन तिले."

मला रडू फुटलं. उजेड सरत चालला होता आणि मी हातात वाटी धरून एवढंच म्हणत राहिले, आई, खा ना. तिनं मान माझ्याकडे वळवली.

"रडू नको. दे," म्हणाली, आणि तोंड उघडलं.

गिळताना तिचे डोळे भरून आले. थोड्या वेळात सगळं बाहेर पडलं. मी ओढणीनं तिची हनुवटी पुसली.

तिला भूक नाही. जगायची हौसही उरलेली नाही. तिला माझी दया येते, म्हणून ती तोंड उघडते. ज्या दयेला मी वर्गात दुबळेपणा म्हणते, तिच्याच आधारावर माझी आई जिवंत आहे. हे मला कळतं, तरी आज्ञा द्यायला माझी जीभ रेटत नाही. उद्याही मी वाटी घेऊन बसणार आणि ती माझ्यासाठी गिळणार.