बाही सैल, कंबर घट्ट

चेन्नईत, टी. नगरच्या एका गल्लीत मी ब्लाउज शिवते. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर सोलापूर सुटलं, हातातली टेप तेवढी सुटली नाही. म्हणून ठासून सांगते, बाई अंगानं भरते तेव्हा तिची बाहीही घट्ट होते. माझं उलटं चाललं होतं. कंबर दोन इंच वाढली आणि बाही सैल पडली.

गल्लीतल्या डॉक्टरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते हसले. म्हणाले, "टेलरम्मा, जेवण कमी करा." आणखी काय कमी करू? दोन इडल्यांत पोट गच्च व्हायचं. तासातासाला लघवीला उठायचे, तर दुकानातल्या बाया टोमणा मारायच्या, "ही शिवते कमी, पळते जास्त!" पोटावर हात फिरवून "विशेषमा?" विचारायच्या, म्हणजे गोड बातमी का. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाळी गेल्यावर! मीही हसायचे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

चार महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. माझं तमिळ दुकानापुरतं. कुठं दुखतं विचारलं की 'वयिरु', पोट, एवढंच यायचं. डॉक्टर मान वर न करता गोळी लिहायचे.

आमच्या शेजारी तंजावरकडच्या मराठी आजी राहतात, शाळेत शिकवायच्या. त्यांचं मराठी जुनं, तमिळच्या हेलातलं. ब्लाउज घ्यायला आल्या आणि मी बसताना कण्हले, तशा त्या थांबल्या.

"कुठं दुखतं गे? बोट ठेवून दाखव."

मी बेंबीखाली हात ठेवला.

"हे ओटीपोट! वयिरु काय सांगतेस? अडिवयिरु म्हण. आणि त्या माणसाकडं पुन्हा जाऊ नको. बायकांच्या डॉक्टरणीकडं चल, मी येते."

रक्ताचं नातं नाही, पण अण्णा नगरच्या हॉस्पिटलात माझी पिशवी धरून त्या दिवसभर उभ्या राहिल्या. ते उपकार कसे फिटायचे?

डॉक्टरणीनं मला झोपवलं, पोट दाबून पाहिलं, आतूनही तपासलं. मग काहीतरी चिडून विचारलं. आजींनी मराठीत सांगितलं, "विचारते, इतक्या महिन्यांत कुणी पोटाला हात लावला का?"

"लावला की," मी म्हटलं, "दुकानातल्या सगळ्या बायांनी. डॉक्टर सोडून."

स्कॅन बाहेरून झाला, आतूनही झाला. डाव्या अंडाशयावर गाठ आणि पोटात पाणी. अंडाशय हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सातवीपर्यंतच्या माझ्या पुस्तकांत तो नव्हता. सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी झाली. आकडा जास्त आला. मी रडायला लागले, तर डॉक्टरणी म्हणाल्या, तो दुसऱ्या कारणांनीही वाढतो, नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही. मग सीटी स्कॅन. मग ऑपरेशन. काढलेली गाठ तपासायला गेली आणि अहवाल येईपर्यंत मी कात्री हातात धरली नाही. कॅन्सरच होता. थोडा पसरलाही होता.

केमो संपल्यावर, केस बोटभर आले तेव्हा, अहवाल घेऊन मी गल्लीतल्या त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो वाचला.

"तुम्ही नीट सांगितलं नाहीत," म्हणाले.

माझा शब्द कमी पडला, मान्य. पण पोट लवकर भरतं, फुगलंय, सारखी लघवी होते, बाही सैल पडली, हे सांगितलं होतं, रोज होतं हेही सांगितलं होतं. पोटात दुखतं म्हणणाऱ्या बाईचं पोट बघायला कोणती भाषा लागते?

बाहेर बाकावर एक बाई ओटीपोट धरून बसली होती. मी दारातूनच वळले आणि तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात, आजींकडून घोकून नेलेलं तमिळ बोलले, "तोट्टु पारुंग, डॉक्टर." हात लावून बघा.

त्यांनी मान वर केली. तेवढ्यात ती बाई उठून आत आली.